खानापुढे मान तुकवणारा राजपुत्र संत कसा ठरला? – अलेक्झांडर नेव्हस्की

तळटीप (धागाकर्ता)

रशियाच्या मध्ययुगीन इतिहासाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात अलेक्झांडर नेव्हस्की हे नाव हमखास येते आणि बहुधा गोठलेल्या सरोवरावरील एका लढाईपुरतेच येते. १५ जुलै १२४० रोजी नेव्हा नदीकाठी त्याने स्वीडिश सैन्याचा पराभव केला, ५ एप्रिल १२४२ रोजी चूद सरोवराच्या बर्फावर जर्मन धर्मयोद्ध्यांना धूळ चारली आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला संत मानले, एवढेच सांगितले जाते. साहजिकच वाचणाऱ्याचा समज होतो की लढाया जिंकल्या म्हणून तो संत झाला.

मला हा समज पटत नाही. या दोन्ही लढाया झाल्या तेव्हा अलेक्झांडर जेमतेम विशीत होता. त्यानंतर तो वीस वर्षांहून अधिक जगला आणि त्या वर्षांचा मोठा भाग मंगोल खानांच्या दरबारी जाण्यायेण्यात, सनदा मिळवण्यात आणि खंडणीची व्यवस्था लावण्यात गेला. १२४६ मध्ये त्याचे वडील यारोस्लाव्ह मंगोलांच्या राजधानीला, काराकोरमला, गेले ते परत आलेच नाहीत. राजमाता तोरेगेने हिने त्यांना स्वतःच्या हाताने खाऊपिऊ घातले आणि त्यानंतर सातव्या दिवशी ते वारले, असे पोपचा दूत म्हणून त्या वेळी तिथे असलेल्या कार्पिनीने लिहून ठेवले आहे. वडिलांचा असा शेवट झालेला असताना पुढच्याच वर्षी अलेक्झांडर आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रेई त्याच वाटेने निघाले, आधी व्होल्गाकाठी बातू खानाकडे आणि तिथून थेट मंगोलियात. १२४९ च्या अखेरीस ते परतले तेव्हा आंद्रेईला व्लादिमीरची गादी मिळाली होती आणि अलेक्झांडरच्या वाट्याला कीव्ह आले होते. हे तेच कीव्ह, जे १२४० च्या डिसेंबरात बातूच्या सैन्याने बेचिराख केले होते आणि जिथे कार्पिनीला जेमतेम दोनशे घरे शिल्लक दिसली होती.

त्याला मरण आले तेही खानाच्या दरबारातून परतताना. १४ नोव्हेंबर १२६३ रोजी व्होल्गाकाठच्या गोरोदेत्स या गावी त्याने देह ठेवला आणि त्याआधी आलेक्सी हे नाव घेऊन संन्यासदीक्षा घेतली.

म्हणून मी विचारतो की चर्चने यातला कोणता अलेक्झांडर संत मानला? तलवार चालवणारा, की परक्या सत्तेपुढे मान तुकवून आपली माणसे आणि आपला धर्म राखणारा? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. जाणकारांनी, विशेषतः रशियात राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी, सविस्तर लिहावे. आपल्याकडच्या इतिहासाशी तुलना करण्याचा मोह होईल, पण कृपया तो आवरावा, कारण मग मूळ विषय बाजूला राहतो.

रानपाखरू

विषय फार आवडला. मला खरोखरच बर्फावरच्या लढाईपलीकडे काही माहीत नव्हते. वाचत आहे.

नेव्हाकाठी

मी नोकरीनिमित्त सेंट पीटर्सबर्गमध्ये राहते, त्यामुळे लोक त्याच्याकडे कसे पाहतात एवढ्यावर लिहिते.

शहराचा मुख्य रस्ता नेव्हस्की प्रॉस्पेक्ट जिथे संपतो तिथे अलेक्झांडर नेव्हस्कीच्या नावाचा मठ आहे. बहुतेक पर्यटक दाराशी असलेल्या स्मशानभूमीत दस्तयेव्हस्की आणि चायकोव्हस्की यांच्या कबरी पाहून माघारी फिरतात. आत गेल्यावर मुख्य चर्चमध्ये त्याच्या अस्थींची पेटी आहे. तिथे येणाऱ्या बायकांच्या डोक्यावर रुमाल असतो. आधी त्या दाराजवळच्या टेबलाशी थांबून कागदाच्या चिठ्ठीवर घरच्यांची फक्त पहिली नावे लिहितात, जिवंतांसाठी एक चिठ्ठी आणि मृतांसाठी दुसरी. मग बारीक पिवळी मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या राहतात, पेटीपाशी दोनदा वाकून क्रुसाची खूण करतात, ओठ टेकतात, पुन्हा एकदा वाकतात आणि बाजूला होतात. हे सगळे इतक्या सवयीने होते की रांग क्वचितच अडते.

माझ्या इमारतीतल्या एका आजींना मी विचारले होते की त्या त्याच्याकडे काय मागतात. मुलगा दूर कामाला आहे, तो धडधाकट घरी यावा, एवढेच मागते असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात स्वीडिश किंवा जर्मन यांचा उल्लेखही आला नाही. आपला माणूस लांबच्या धोक्याच्या प्रवासावरून परत यावा यासाठी त्या प्रार्थना करतात, आणि ज्या संताकडे करतात तो स्वतः तशाच प्रवासात वारला. तळटीप यांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे असे मला वाटते.

अर्थात १२ सप्टेंबरला त्याच्या अस्थी या शहरात आणल्याचा उत्सव असतो, तेव्हा नेव्हस्की प्रॉस्पेक्टवरून मोठी मिरवणूक निघते आणि तिच्यात लष्करी गणवेशातली माणसेही भरपूर दिसतात. म्हणजे दोन्ही अलेक्झांडर इथे एकत्र नांदतात.

पडदा

लढवय्या अलेक्झांडर लोकांच्या डोळ्यांपुढे इतका ठसठशीत उभा आहे, याला सर्गेई आयझेनस्टाईनचा १९३८ चा चित्रपट फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. प्रोकोफिएव्हच्या संगीतावर कापली गेलेली ती लढाई चित्रपट शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पाहतो. ते दृश्य भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फ आणि कृत्रिम हिम वापरून चित्रित केले होते हे कळल्यावर त्या मंडळींविषयी माझा आदर दुणावला.

या चित्रपटाची पुढची कथा बोलकी आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशी करार झाला आणि जर्मनांना खलनायक दाखवणारा हा चित्रपट चित्रपटगृहांतून उतरवण्यात आला. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य सीमा ओलांडून आत आले आणि तो पुन्हा सर्वत्र झळकला. २९ जुलै १९४२ रोजी सोव्हिएत सरकारने सेनाधिकाऱ्यांसाठी अलेक्झांडर नेव्हस्की पदक सुरू केले. राजपुत्राचे त्याच्या हयातीत काढलेले चित्र उपलब्ध नसल्याने पदकावर चेहरा कोरला गेला तो त्याची भूमिका करणाऱ्या निकोलाय चेरकासोव्ह या नटाचा. ज्या राजवटीने देवळे बंद केली, तिनेच एका संताचे पदक काढून ते छातीवर लावायला दिले, आणि तेव्हा तिला त्यातला फक्त सेनापती हवा होता.

खडूफळा

मी अनेक वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे लढायांच्या बाबतीत साधने काय सांगतात ते नोंदवतो, कारण चित्रपटातली लढाई आणि साधनांतली लढाई यांत बरेच अंतर आहे.

नोव्हगोरोद, म्हणजे अलेक्झांडर तेव्हा जिथला राजपुत्र होता ते शहर, त्याच्या इतिवृत्तात बर्फावरच्या लढाईत चारशे जर्मन पडले आणि पन्नास पकडले गेले असा आकडा आहे. उलट बाजूचे पद्यमय लिव्होनियन इतिवृत्त वीस धर्मयोद्धे मेले आणि सहा कैद झाले असे सांगते. हे दोन आकडे एकमेकांना खोडतातच असे नाही, कारण जर्मन कवी फक्त दीक्षित योद्धे मोजत असावा आणि नोव्हगोरोदकर सरसकट सगळे. मात्र बर्फ फुटून चिलखती स्वार सरोवरात बुडाले, हे जे दृश्य सगळ्यांच्या मनात बसले आहे, ते या दोन्हींत नाही. पद्यमय इतिवृत्तात तर मेलेले गवतावर पडले असे आहे, म्हणजे झुंज किनाऱ्यापर्यंत पसरली होती असे मानता येते.

नेव्हाच्या लढाईचा स्वीडिश साधनांत उल्लेखच नाही, आणि नोव्हगोरोदचे इतिवृत्त आपल्याकडची वीस माणसे पडली म्हणते. यावरून काही अभ्यासक ती सीमेवरची चकमक होती असे म्हणतात. जॉन फेनेल या इंग्रज इतिहासकाराने दोन्ही लढायांचे महत्त्व बरेच कमी लेखले आहे.

तरीही मी तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. मृतांची संख्या लहान असली म्हणजे लढाई किरकोळ ठरत नाही. १२४० मध्ये प्स्कोव्हचे दरवाजे आतूनच उघडले गेले आणि शहर जर्मनांच्या हाती गेले. नोव्हगोरोदच्या भूमीत कोपोर्ये येथे शत्रूने किल्ला बांधला. नेव्हाच्या विजयानंतर काही महिन्यांतच अलेक्झांडरचे नोव्हगोरोदकरांशी बिनसले होते आणि तो शहर सोडून निघून गेला होता. त्याच नोव्हगोरोदकरांनी त्याला परत बोलावले. त्याने १२४१ मध्ये कोपोर्ये घेतले, १२४२ मध्ये प्स्कोव्ह सोडवले आणि मग बर्फावर सामना दिला. एप्रिल १२४२ नंतर जर्मनांनी जिंकलेला मुलूख सोडून देऊन तह केला. ज्यांची शहरे वाचली त्यांना ही चकमक वाटली नसणार.

शिवाय संतचरित्रातही नेव्हाच्या लढाईला मानाचे स्थान आहे. इझोरा जमातीचा पेलगुसी नावाचा बाप्तिस्मा घेतलेला प्रमुख रात्रभर किनाऱ्यावर पहारा देत असताना त्याला एक नाव येताना दिसते. वल्हवणारे जणू अंधारात गुरफटलेले असतात आणि मध्यभागी लाल वस्त्रांत बोरिस आणि ग्लेब हे दोन संत राजपुत्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. आपला आप्त अलेक्झांडर याच्या मदतीला जाऊ या, असे बोरिस म्हणतो. १०१५ मध्ये मारले गेलेले हे दोघे रशियाचे पहिले संत. म्हणजे तलवारीला पावित्र्य देण्याचे काम चरित्रकारानेच केले आहे. पुढच्या काळातल्या झार पीटरने किंवा आयझेनस्टाईनने ते नव्याने केले नाही.

गोमती

आतापर्यंतच्या प्रतिसादांत कोणी ज्याला हात लावला नाही ते मला मांडायचे आहे, आणि मी ते पूर्ण गांभीर्याने मांडते आहे.

मान तुकवून माणसे राखली, असे तळटीप म्हणतात. कोणाची माणसे? १२५२ मध्ये अलेक्झांडर खानाच्या दरबारी गेलेला असताना नेव्रुय या सरदाराचे मंगोल सैन्य व्लादिमीरच्या प्रदेशावर चालून आले, त्याचा भाऊ आंद्रेई हरून स्वीडनला पळाला आणि व्लादिमीरच्या गादीची सनद अलेक्झांडरला मिळाली. त्याने स्वतः ती फौज मागितली का, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि मी तो आरोप करत नाही. पण त्या स्वारीत हजारो लोक धरून नेले गेले आणि तिचा लाभ कोणाला झाला हे सर्वांना दिसत होते.

नोव्हगोरोदचे तर इतिवृत्तच बोलते. मंगोल सैन्य १२३८ मध्ये तोर्झोक घेऊन नोव्हगोरोदपासून सुमारे शंभर व्हर्स्टवर (जवळपास तितक्याच किलोमीटरवर) आले आणि परत फिरले होते. ते शहर मंगोलांनी कधी जिंकलेच नाही. १२५७ मध्ये तिथे खंडणीसाठी शिरगणती करायला माणसे आली तेव्हा शहर खवळले. अलेक्झांडरचा स्वतःचा मुलगा वासिली लोकांच्या बाजूने गेला आणि प्स्कोव्हला पळाला. बापाने त्याला तिथून हुसकून काढले आणि ज्यांनी त्याला चिथावले त्यांच्यापैकी कोणाचे नाक कापले, कोणाचे डोळे काढले. १२५९ मध्ये शिरगणती करणारे पुन्हा आले, तेव्हा त्यांना आपल्या जिवाची भीती वाटत होती म्हणून अलेक्झांडरने त्यांना रात्रीचा पहारा दिला. मग ते घोड्यांवर बसून गल्लोगल्ली फिरत ख्रिस्ती घरे लिहून घेऊ लागले. श्रीमंत बोयारांनी (सरदारांनी) स्वतःवरचा भार हलका करून घेतला आणि तो गरिबांवर लोटला, ही तक्रारही त्याच इतिवृत्तात आहे.

ज्या शहराने त्याला नेव्हाचा विजय दिला, त्याच शहरातल्या माणसांची नाके त्याने कापली. संतपदाच्या कोणत्याही चर्चेत ही माणसे उपस्थित असली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

तळटीप

गोमती, आपण मांडलेला एकही तपशील मी नाकारत नाही. १२५७ ची शिक्षा क्रूर होती आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

त्याच्यापुढे पर्याय काय होते, एवढेच मला पाहायचे आहे. दक्षिणेकडे गॅलिशियाचा राजा दानिलो याने दुसरा मार्ग धरला. पोपशी बोलणी केली आणि १२५३ मध्ये राजमुकुट स्वीकारला, पण पश्चिमेकडून मंगोलांविरुद्ध सैन्य आले नाही आणि काही वर्षांतच त्याला स्वतःच्या किल्ल्यांचे तट पाडावे लागले. पोप चौथा इनोसंट याने १२४८ मध्ये अलेक्झांडरलाही पत्र पाठवले होते. संतचरित्रात त्याचे उत्तर असे आहे की आदमापासून सातव्या धर्मसभेपर्यंतचे सगळे आम्हाला ठाऊक आहे आणि तुमच्याकडून शिकवण घेण्याची आम्हाला गरज नाही. नोव्हगोरोदने त्या वेळी शिरगणती करणाऱ्यांना मारले असते तर तोर्झोकचे जे झाले तेच नोव्हगोरोदचे झाले असते, असे मला वाटते.

शिवाय त्याच १२५७ च्या शिरगणतीतून मठाधिपती, संन्यासी आणि धर्मगुरू वगळले गेले. १२६१ मध्ये तर खुद्द खानाच्या राजधानीत, सराय येथे, ऑर्थोडॉक्स बिशपची गादी स्थापन झाली. कैद करून नेलेल्या हजारो रशियनांना तिथे आपला धर्मगुरू मिळाला.

कोष्टी

याच ठिकाणी एक दुसरा राजपुत्र आठवल्याशिवाय राहत नाही. चेर्निगोव्हचा मिखाईल १२४६ मध्ये बातूच्या छावणीत गेला. त्याने अग्नींमधून जाऊन मूर्तीला वंदन करावे असे सांगण्यात आले. खानाला मुजरा करायला तो तयार होता, कारण राज्य देवाने खानाला दिले आहे असे तो मानत होता, पण निर्जीव मूर्तीपुढे वाकायला त्याने नकार दिला. त्याला आणि त्याच्या फ्योदोर या बोयाराला तिथेच मारले. दोघेही हुतात्मे म्हणून पूजले जातात.

अलेक्झांडर त्याच छावणीत वर्षभराने गेला आणि जिवंत परतला. चर्चने दोघांनाही संत मानले. एकाने नकार देऊन प्राण दिले आणि दुसऱ्याने जगून पुन्हा पुन्हा जायचे पत्करले. या दोन वाटांपैकी एकच खरी मानावी असा आग्रह चर्चने धरला नाही, आणि मला या गोष्टीत फार खोल समज दिसते. मिखाईलची प्रजा मात्र त्याच्या मरणाने वाचली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गोमती

कोष्टी यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यातूनच माझा मुद्दा बळकट होतो. मिखाईलने किंमत स्वतः मोजली. अलेक्झांडरच्या वाटेची किंमत इतरांनी मोजली.

तळटीप यांच्या उत्तरात "असे मला वाटते" हे शब्द आले आहेत. नोव्हगोरोद नक्की बेचिराख झाले असते, हे गृहीतक आहे. १२३८ मध्ये मंगोल परत फिरले ते वसंतातल्या चिखलामुळे आणि दमलेल्या घोड्यांमुळे असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो दलदलीचा जंगली प्रदेश पुढेही तसाच होता. तसेच, तो बातूच्या सार्ताक या मुलाचा मानलेला भाऊ होता, ही कथा लेव्ह गुमिल्योव्हने लोकप्रिय केली. तिला समकालीन साधनांत आधार नाही. मंगोलांशी त्याचे नाते मैत्रीचे होते असे रंगवून तडजोड गोड करण्यात अर्थ नाही.

चौलकर

मी रायगड जिल्ह्यातला आहे. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १५ व्या शतकात आमच्या चौलला उतरला होता आणि रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, त्यामुळे त्याच्या त्वेर या गावाविषयी मला लहानपणापासून कुतूहल आहे. त्वेरमुळेच या धाग्यात लिहायला मला कारण मिळाले.

त्वेरचाही एक योद्धा राजपुत्र संत आहे, मिखाईल यारोस्लाविच. हा अलेक्झांडरचा सख्खा पुतण्या. १३१७ मध्ये त्याने बोर्तेनेवो येथे मॉस्कोच्या युरीचा आणि त्याच्या सोबतच्या मंगोल पथकाचा पराभव केला. युरीची बायको कोन्चाका ही उझबेग खानाची बहीण. ती त्वेरकरांच्या कैदेत मरण पावली आणि तिला विष दिल्याचा आरोप झाला. मिखाईल पळून जाऊ शकला असता, पण मग त्वेरवर फौज आली असती. म्हणून तो स्वतःहून खानाकडे गेला आणि २२ नोव्हेंबर १३१८ रोजी त्याला मारण्यात आले. ज्या युरीने त्याच्यावर खटला भरवला, तो अलेक्झांडर नेव्हस्कीचा नातू होता.

मिखाईलला त्वेरच्या तारणहाराच्या चर्चमध्ये पुरले. दीडशे वर्षांनी निकितिनने आपल्या प्रवासवर्णनाच्या सुरुवातीलाच सोनेरी घुमटाच्या याच चर्चचे स्मरण करून प्रस्थान ठेवल्याचे लिहिले आहे. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तर घोडा परत देतो, नाहीतर दंडही घेतो, असे बजावले. निकितिन सुटला तो एका खुरासानी मुसलमान गृहस्थाच्या मध्यस्थीमुळे. सणांच्या तारखा विसरलो, उपास चुकले, म्हणून तो पानोपानी तळमळतो. परक्या सत्तेखाली धर्म कसा टिकवायचा, हा प्रश्न त्वेरच्या माणसाला थेट जुन्नरपर्यंत सोबत करत आला.

रानपाखरू

चौलकर, जुन्नरचा हा प्रसंग मला माहीत नव्हता. मनापासून आभार. एक शंका आहे. अलेक्झांडर शेवटी संन्यासी झाला होता, तर त्याच्या प्रतिमांमध्ये तो चिलखतात का दिसतो?

शेवंता

रानपाखरू, तुमच्या शंकेचे उत्तर मूळ प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. मी प्रतिमांचा अभ्यास करते.

सुरुवातीला त्याची पूजा व्लादिमीरच्या ज्या मठात त्याला पुरले होते तिथेच होत असे, आणि १२८० च्या दशकात त्याचे चरित्र लिहिले गेले तेही तिथेच असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३८० मध्ये, म्हणजे त्याचा खापरपणतू दिमित्री दोन्स्कोय कुलिकोव्होला मंगोलांशी लढला त्याच वर्षी, त्याच्या अस्थी उकरून वर ठेवल्या गेल्या. १५४७ मध्ये मेट्रोपॉलिटन (रशियन चर्चचे प्रमुख) मकारी यांनी मॉस्कोत भरवलेल्या धर्मसभेने त्याला सगळ्या रशियाचा संत ठरवले. या सगळ्या काळात तो मुख्यतः काळ्या वस्त्रातला संन्यासी आलेक्सी म्हणून रंगवला जाई, डोक्यावरची टोपी कधी खांद्यावर सरकवलेली, हातात गुंडाळी. तलवार त्यात नसे.

मग पीटर पहिला आला. त्याला नव्या राजधानीसाठी एक संत हवा होता, आणि स्वीडिशांना नेव्हाकाठी हरवणाऱ्या राजपुत्राहून योग्य कोण होते? अस्थी व्लादिमीरहून निघाल्या आणि ३० ऑगस्ट १७२४ रोजी सेंट पीटर्सबर्गला पोचल्या. हा दिवस मुद्दाम निवडलेला होता, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला स्वीडनशी निस्ताडचा तह झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये धर्ममंडळाने हुकूम काढला की यापुढे या संताला संन्याशाच्या वेशात रंगवू नये, राजवस्त्रांतच रंगवावे. तेव्हापासून चिलखत आले, तांबडा झगा आला, मागे घोडा आला.

एखाद्या संताचे कपडे सरकारी हुकमाने बदलले गेल्याची इतकी स्पष्ट नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. नेव्हाकाठी यांनी पाहिलेल्या पेटीआधी महाराणी एलिझाबेथने करवलेली सुमारे दीड टन चांदीची प्रचंड शवपेटी होती आणि तिच्यावरही लढायांची दृश्ये कोरली आहेत. १९२२ मध्ये बोल्शेविकांनी अस्थी बाहेर काढल्या, चांदीची पेटी हर्मिताज संग्रहालयात गेली आणि अस्थी पुढे निरीश्वरवादाच्या संग्रहालयात पडून राहिल्या. त्या मठात परतल्या १९८९ मध्ये.

नेव्हाकाठी

शेवंता यांच्या माहितीला थोडी जोड देते. त्याच्या नावाची चर्च रशियाबाहेरही झारशाहीने उभारली आणि त्यांचे नशीब वेगवेगळे ठरले. वॉर्सातले भव्य चर्च पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९२० च्या दशकात पाडले गेले, कारण पोलिश लोकांना ते गुलामीचे चिन्ह वाटत होते. टॅलिनमधले १९०० सालचे चर्च पाडण्याची चर्चा झाली, पण ते टिकले. सोफियातले मात्र बल्गेरियन लोकांनी रशियाविषयीच्या कृतज्ञतेने बांधले आणि आज तेच त्या शहराची ओळख आहे. नाव एकाच संताचे, पण त्याच्या आडून कोण आले यावर लोकांनी त्याला कसे स्वीकारायचे ते ठरवले.

पडदा

२००८ मध्ये रशियन दूरचित्रवाणीने देशाचे सर्वांत थोर नाव निवडण्यासाठी मतदान घेतले, त्यात अलेक्झांडर नेव्हस्की पहिला आला, झारच्या काळातला पंतप्रधान स्तोलिपिन दुसरा आणि स्टालिन तिसरा. ही मते संताला पडली, सेनापतीला पडली की चित्रपटातल्या चेहऱ्याला, हे वेगळे करता येणार नाही असे मला शेवंता यांचा प्रतिसाद वाचल्यावर वाटू लागले आहे.

खडूफळा

चर्चा पुष्कळ फिरून मूळ प्रश्नाजवळ आली आहे, तेव्हा ज्या प्रवासात तो वारला त्याविषयी लिहितो. तळटीप यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला त्यातच दिसतो.

१२६२ मध्ये रोस्तोव्ह, सुझ्दाल, व्लादिमीर आणि यारोस्लाव्हल या शहरांत लोकांनी खंडणीच्या मुसलमान मक्तेदारांविरुद्ध उठाव केला. काहींना मारले, काहींना हाकलले. नेव्रुयची स्वारी झाल्याला दहाच वर्षे झाली होती, त्यामुळे पुढे काय होणार हे सर्वांना कळत होते. त्यातच खान बर्के आपल्या मोहिमांसाठी रशियन माणसे सैन्यात मागत होता. संतचरित्र म्हणते की या सक्तीतून लोकांची सुटका मागण्यासाठी अलेक्झांडर खानाकडे गेला. तो महिनोन्‌महिने तिथेच अडकला, आजारी पडला आणि परतताना वारला. उठाव झालेल्या शहरांवर सूडाची फौज आली नाही.

या वेळी त्याने कोणाचे नाक कापले नाही. उठाव करणाऱ्यांना खानाच्या हवाली करून स्वतः मोकळे होण्याचा मार्ग त्याच्यापुढे होता, आणि १२५७ चा अलेक्झांडर कदाचित तोच घेता. १२६२ च्या अलेक्झांडरने तो घेतला नाही. माझ्या मते चरित्रकाराच्या डोळ्यांपुढे हाच माणूस होता. चरित्र लिहिणाऱ्याच्या पिढीने त्याला पाहिले होते, आणि मेट्रोपॉलिटन किरिल यांनी त्याच्या मृत्यूची बातमी व्लादिमीरच्या लोकांना सांगितली ती "सुझ्दालच्या भूमीचा सूर्य मावळला" या शब्दांत. त्याच चरित्रात असेही आहे की दफनाच्या वेळी पापक्षमेचे प्रार्थनापत्र त्याच्या हातात ठेवण्यासाठी बोटे उघडायला गेले, तेव्हा मृताने आपणहून हात पुढे करून ते घेतले. चरित्रकाराने शेवटचा चमत्कार सांगितला तो युद्धातला नाही, क्षमापत्र घेण्याचा आहे. ज्याला क्षमेची गरज होती आणि ज्याने ती मागितली, असा संत त्याने लिहिला आहे. नेव्हाकाठच्या दर्शनाविषयी मी वर लिहिले ते खरेच आहे, पण त्या ग्रंथाचा भर शेवटाकडे आहे हे मी मान्य करतो.

गोमती

खडूफळा यांचा प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचला. १२६२-६३ च्या प्रवासाबद्दल मी त्याला आदराने नमस्कार करते, आणि क्षमापत्राचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. क्षमा मागावी लागते ती कशासाठी, हे विचारले की नोव्हगोरोदची माणसे आपोआप समोर येतात. चर्चने त्यांना विसरून त्याला संत मानले असेल तर माझा आक्षेप कायम आहे. त्यांना लक्षात ठेवून मानले असेल तर मला त्याची पूजा समजू शकते. १७२४ च्या हुकमाने संन्याशाची वस्त्रे काढून घेतली, तेव्हा नेमके हे क्षमेचे अंग झाकले गेले, असे मला शेवंता यांच्या प्रतिसादावरून वाटते.

शेवंता

गोमती, आजच्या प्रतिमाकारांपैकी काही जण त्याला पुन्हा संन्याशाच्या वेशात रंगवतात. चिलखतातल्या प्रतिमा आजही संख्येने कितीतरी जास्त आहेत, पण जुनी परंपरा पूर्ण तुटलेली नाही.

तळटीप

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा दोनपैकी एक उत्तर निवडायचे आहे अशा बेताने विचारला होता. कोष्टी, गोमती आणि खडूफळा यांच्या प्रतिसादांनंतर माझे मत अधिक नेमके झाले आहे. त्याच्या संतपदाचा आधार १२६३ चा प्रवास आणि संन्यास हाच आहे, लढायांनी त्याला कीर्ती दिली, आणि १२५७ चा हिशेब त्याच्या नावावर तसाच राहतो.

चौलकर, त्वेरच्या मिखाईलवर आपण स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती आहे. काका-पुतण्यांपैकी पुतण्याविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही.

चौलकर

जरूर काढतो. युरी आणि मिखाईल यांच्या भांडणाची पार्श्वभूमी मोठी आहे, ती नीट मांडायला थोडा वेळ द्यावा.